घरचं बियाणं आणि भाड्याची वेबसाइट

दिवाळी आटोपून मूलला गेलो होतो. (चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल. "गाव कितीही वाढलं तरी मूलच राहणार" हा विनोद आमचा सगळ्यांचा ऐकून झालेला आहे, तेव्हा पुढे चला.) धानाची कापणी संपत आलेली, बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले, आणि मामेभावाच्या राइस मिलमध्ये कुणाला श्वास घ्यायला फुरसत नाही असे दिवस. तरी त्याने चहा सांगितला आणि विषय काढला.

"दादा, वेबसाइट पुन्हा करा लागते. पण या खेपेस तुले सांगू का नको सांगू, तेच समजून नाही राहिलं."

टोमणा होता, आणि रास्त होता. या मिलच्या दोन वेबसाइट आजवर मेल्या आहेत. पहिली मी मारली.

२०१२ सालची गोष्ट. नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली, अंगात रग. मामांनी "मिलचं काहीतरी इंटरनेटवर टाक" म्हटल्याबरोबर मी बाह्या सरसावल्या. तयार काही वापरणं म्हणजे कमीपणा. सगळं हाताने लिहिलं: पीएचपी, मायएसक्यूएल, वर मामांना तांदळाचे भाव रोज बदलता यावेत म्हणून स्वतंत्र अ‍ॅडमिन पॅनल, लॉगिन, पासवर्ड, सगळा जामानिमा. मामांनी त्यात एकूण तीनदा लॉगिन केलं. त्यातलं एकदा मी शेजारी बसलो होतो म्हणून.

२०१७ मध्ये होस्टिंगवाल्याने सर्व्हरवर पीएचपी ७ चढवलं. डेटाबेसशी बोलायची जी जुनी फंक्शनं मी वापरली होती, ती पीएचपी ५.५ पासूनच, म्हणजे २०१३ पासून, 'मोडीत निघणार' म्हणून जाहीर झालेली होती आणि ७.० मध्ये काढूनच टाकली होती. वेबसाइटचं पांढरं पान झालं. मामांचा फोन आला. मी म्हटलं, या शनिवारी बघतो. तो शनिवार सात महिने उगवला नाही.

दुसरी वेबसाइट मामेभावाने एका एजन्सीकडून करून घेतली. पेज बिल्डरवर. दोन दिवसांत तयार, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा देखणी. फक्त वरच्या मोठ्या फोटोत शेत होतं ते गव्हाचं! धानाच्या मिलच्या कपाळावर गहू. साचा परदेशी, त्यात 'धान्य' म्हणून जे चित्र आलं ते तसंच राहिलं. चार-पाच वर्षं बरी चालली. मग वर्गणी भरायची वेळ आली तेव्हा कळलं की बिल्डरचं खातं एजन्सीच्या ईमेलवर, डोमेनही एजन्सीच्या नावावर, आणि एजन्सीवाला फोन उचलत नाही. महिन्याभरात वेबसाइट गेली. मागोमाग डोमेनही गेलं.

आता कुणी म्हणेल, गेली तर गेली, राइस मिलच्या वेबसाइटने असं काय अडतं? धंद्याचं अडलं थोडंफार. जुन्या कार्डांवर, पोत्यांवर तो पत्ता छापलेला होता. पण खरी चुटपुट वेगळी आहे. पहिल्या वेबसाइटवर मामांनी स्वतः लिहिलेलं एक पान होतं: कोणता तांदूळ कशाला. एचएमटी रोजच्या भाताला का, जय श्रीराम केव्हा घ्यावा, चिन्नोरचा वास कोणत्या भांड्यात टिकतो, नवा तांदूळ चिकट का होतो आणि जुना मोकळा का. चाळीस वर्षं मिलमध्ये उभं राहून कळलेलं. एजन्सीने ते दुसऱ्या वेबसाइटवर तसंच चिकटवलं होतं. मामा २०२१ मध्ये गेले. वेबसाइटबरोबर ते पानही गेलं.

तर आता मुद्द्यावर येतो.

आमच्या धंद्यात दोन फड आहेत. एक फड म्हणतो, आजकाल वेबसाइट कोण हाताने लिहितं? बिल्डर घ्या, साचा निवडा, ओढा आणि सोडा, झालं. दुसरा फड म्हणतो, बिल्डर म्हणजे पोरखेळ, खरं काम म्हणजे स्वतःचा कोड. मी बारा-चौदा वर्षं दुसऱ्या फडात आहे, आणि या लेखात मला दोन्ही फडांशी भांडायचं आहे. कारण मूलच्या मिलला दोघांनीही बुडवलं, आणि एकाच पद्धतीने बुडवलं: करणारा माणूस गेला की वेबसाइट गेली.

ही पद्धत समजून घ्यायला मूलच्या आसपास एक फार चांगलं उदाहरण आहे. तंत्रज्ञानाचं नाही, धानाचं.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन नावापुरती. १९८३ साली 'पटेल ३' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. दाणा बारीक, खायला चांगला, उतारा जास्त. त्या काळात एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. पुढे कृषी विद्यापीठानेही 'पीकेव्ही एचएमटी' काढलं. दादाजींना श्रेय आणि पैसे किती मिळाले हा वेगळा आणि दुखरा विषय आहे. ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा गरीबच होते. पण ते धान मात्र शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे पसरलं, आणि पसरू शकलं याचं एक साधं कारण आहे. ते सरळ वाण आहे. यंदाच्या पिकातलं चांगलं बी राखून ठेवा, पुढच्या साली तेच पेरा, तेच उगवेल. संकरित बियाण्याचं तसं नसतं. पहिल्या वर्षी पीक जोरदार येतं, पण त्यातलं बी राखून पेरलंत तर पुढच्या पिकात एक रोप असं, दुसरं तसं. म्हणजे दर हंगामाला पुन्हा दुकानात.

पेज बिल्डर हे संकरित बियाणं आहे. पीक छान येतं, नाकारत नाही. पण त्यातलं बी राखता येत नाही.

उदाहरणं देतो. विक्सची स्वतःचीच मदतपानं सांगतात की तिथे बांधलेली वेबसाइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वर्डप्रेस स्वतः मुक्त आहे, पण त्याच्यावर बसवलेल्या बिल्डरांपैकी डब्ल्यूपीबेकरीसारखा एखादा नुसता बंद करून बघा: पानभर चौकटी कंसातले सांकेतिक शब्द उरतात आणि त्यांच्या मधे कुठेतरी तुमचा मजकूर अडकलेला. आणि फुकट मिळणारं तर विचारूच नका. ज्या जिओसिटीजवर अर्ध्या जगाने आपलं पहिलं पान बांधलं, ते याहूने २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केलं. गुगलने छोट्या दुकानदारांना नकाशावरच्या नोंदीबरोबर फुकट वेबसाइट बनवून द्यायची सोय केली होती, ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. १० जूनपर्यंत जुना पत्ता नोंदीकडे वळवून मिळत होता, नंतर तोही नाही. कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांचं दुकान, त्यांची मर्जी. माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विहीर खोदली तर पाणी किती गोड आहे याला अर्थ नाही.

इथे आमच्या फडातले लोक टाळ्या वाजवतील. थांबा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं चालणार नाही.

मी २०१२ मध्ये जे केलं ते तरी घरचं बियाणं होतं का? कोड माझा, पण तो उभा होता पीएचपीच्या एका विशिष्ट आवृत्तीवर, एका विशिष्ट डेटाबेसवर, आणि माझ्या डोक्यात असलेल्या माहितीवर. आज आपण जे 'कस्टम' म्हणून विकतो त्याची अवस्था याहून वाईट आहे. चार पानांच्या वेबसाइटला जावास्क्रिप्टची शेकडो पॅकेजं. मार्च २०१६ मध्ये एका माणसाने 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभरचे मोठमोठे प्रकल्प बिल्ड होईनासे झाले. अकरा ओळी! याला स्वतःचा कोड म्हणायचं? हे तर दहा दुकानांतून आणलेलं संकरित बियाणं, आणि वर पेरणारा माणूस पुण्याला.

म्हणून 'कोड की बिल्डर' हा प्रश्न मला अर्धा वाटतो. पूर्ण प्रश्न असा: आज हे बनवणारा माणूस आणि कंपनी उद्या नाहीशी झाली, तर मालकाच्या हातात काय उरतं?

आणि या प्रश्नाला छोट्या धंद्यासाठी माझ्या मते एकच चांगलं उत्तर आहे, आणि ते लाजिरवाणं वाटावं इतकं साधं आहे. हाताने लिहिलेली एचटीएमएलची चार पानं. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, फ्रेमवर्क नाही. चार फायली, थोडे फोटो, एक फोल्डर. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये जगातली पहिली वेबसाइट केली, तिची १९९२ची प्रत सर्नने २०१३ मध्ये पुन्हा मूळ पत्त्यावर लावली. आजच्या मोबाइलवर ती निमूट उघडते. मधल्या काळात किती फ्रेमवर्क आली आणि गेली याची गणती नाही. एचटीएमएल सरळ वाण आहे, राखलं तसं उगवतं.

यावर बिल्डरवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: "पण मालकाला स्वतः बदल करता आले पाहिजेत ना!"

हे वाक्य म्हणजे बिल्डरच्या धंद्याचा कणा आहे, म्हणून मी ते तपासलं. मामेभावाला विचारलं, चार-पाच वर्षांत तू स्वतः काय काय बदललंस? तो विचार करून म्हणाला, "काहीच नाही." फोन नंबर बदलला तेव्हाही एजन्सीलाच सांगितलं. मग तांदळाचे भाव? ते तो रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकतो. सुट्टीच्या दिवशी मिल बंद? नकाशावरच्या नोंदीत बदलतो. म्हणजे जे रोज बदलतं त्यासाठी त्याच्याकडे वेबसाइटपेक्षा सोपी जागा आधीच होती, आणि जे वेबसाइटवर होतं ते बदलतच नव्हतं. मिल कुठे आहे, कधीपासून आहे, काय मिळतं, कुणाशी बोलायचं, आणि मामांचं ते पान. कधी न वापरलेल्या सोयीची वर्गणी त्याने दर वर्षी भरली, आणि त्या सोयीपायी न बदलणारं सगळं गमावलं. (माझं अ‍ॅडमिन पॅनलही याच गटात. तीन लॉगिन!)

मराठीपुरते आणखी दोन मुद्दे आहेत, ते कुणी बोलत नाही म्हणून इथे बोलतो.

पहिला: बहुतेक तयार साचे रोमन लिपीसाठी बनलेले असतात. मथळ्याच्या अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडायची त्यात फॅशन आहे. रोमनमध्ये ते शोभतं. देवनागरीत शिरोरेखा तुटते, आणि 'तांदूळ' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींची उंची रोमनच्या मापाने बेतलेली, त्यामुळे वेलांट्या वरून आणि उकार खालून छाटले जातात. पान मराठीत आहे हे सांगणारी एक खूण एचटीएमएलमध्ये असते. ती बरोबर दिली तर 'नोटो'सारखे फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे. साच्यात ती खूण बहुधा इंग्रजीचीच राहून जाते, आणि मग वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध माणसाला मराठी मजकूर कसा ऐकू येत असेल याची कल्पना करा. हाताने लिहिलेल्या पानात ही सगळी पाच मिनिटांची कामं आहेत.

दुसरा: हे सगळं आपण एकदा भोगलेलं आहे. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटी वाचायच्या तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक रचना वेगळी. मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा होता. फॉन्ट गेला की मुखवटा गेला, खाली उरली गिचमिड. युनिकोड आल्यावर आपण हुश्श केलं आणि म्हटलं, आता पुन्हा कुणाच्या फॉन्टच्या दावणीला बांधून घेणार नाही. आणि लगेच जाऊन बिल्डरच्या दावणीला बांधून घेतलं.

बरं, बिल्डर कुठेच नको असं मी म्हणतोय का? नाही. दोन जागा सांगतो.

एक, जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं. चंद्रपूर काय आणि गडचिरोली काय, जिल्ह्याची वेबसाइट आज एनआयसीच्या 'एस३वास' नावाच्या व्यवस्थेवर उभी आहे. देशभरच्या जिल्ह्यांना तोच साचा. हा एका अर्थी पेज बिल्डरच. आणि तो तिथे योग्य आहे: निविदा, भरतीच्या सूचना, आदेश सतत चढवायचे असतात, बसणारा माणूस बदलीवर जातो, आणि मुख्य म्हणजे बिल्डर सरकारच्याच घरचा आहे. कलेक्टर कचेरीची वेबसाइट कुणा पोराने हाताने लिहिली असती तर पहिल्या बदलीनंतर तिचीही आमच्या मिलसारखी गत झाली असती.

दोन, जे टिकायला नकोच ते. झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात, शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग होतो, सकाळी मंडप उतरतो. त्या एका रात्रीसाठी कुणी विटांचं थिएटर बांधत नाही, बिछायत केंद्रातून सामान आणतात. एखाद्या प्रयोगाचं, लग्नाचं, मेळाव्याचं पान करायचंय? बिल्डर घ्या, खुशाल घ्या. पण बिछायतीत कुणी संसार थाटत नाही, आणि मिल चाळीस वर्षांची आहे. (रोजचं बुकिंग, पैसे घेणं वगैरे असेल, समजा ताडोबाच्या बाजूचं होमस्टे, तर तेवढा भाग तयार सेवेवर टाका. तुमची ओळख आणि पत्ता मात्र तिच्या स्वाधीन करू नका.)

आता मामेभावाचा प्रश्न. तो इंजिनिअर नाही, पण त्याने जे विचारलं ते आमच्या कुठल्याच डिझाइन रिव्ह्यूमध्ये कुणी विचारत नाही.

"ठीक आहे दादा, तू लिहून देशील. अन् बिघडलं तं कोनाले फोन लावू?"

मी तोंड उघडलं आणि "मला लाव" म्हणणार होतो. सात महिन्यांचा शनिवार आठवला, गप्प बसलो. मग खरं उत्तर दिलं: बिघडण्यासारखं त्यात काही ठेवणारच नाही. आणि बदल करायचा तर मला फोन लावायचीच गरज नाही. मिलचा हिशेब सांभाळणारा मुलगा एमएस-सीआयटी झालेला आहे. त्याला नोटपॅडमध्ये फाइल उघडून जुना नंबर खोडून नवा लिहिता येतो की नाही, हे आत्ता इथे बघू. बघितलं. दोन मिनिटं लागली, त्यातलं एक नोटपॅड शोधण्यात.

"आता तर एआय दोन मिनिटांत अख्खी वेबसाइट बनवून देतं" असं सांगणारे मित्र आहेत. बरोबर आहे. मग ते एआय तुम्हाला साधं एचटीएमएलही दोन मिनिटांत लिहून देतं! हाताने लिहिणं महाग पडतं, हाच तर बिल्डर घेण्याचा मोठा आधार होता; तोच खिळखिळा झाला. फक्त जे हातात येईल ते वाचून समजेल इतकं साधं मागा.

पुढचा शनिवार-रविवार त्याच कामात गेला. मामांच्या पानासाठी माझी जुनी हार्ड डिस्क उकरली. २०१५ चा एक डेटाबेस बॅकअप सापडला. उघडला तर सगळी गिचमिड, कारण तेव्हा मी अक्षरांच्या एन्कोडिंगचा घोळ करून ठेवला होता. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून ती उलटी फिरवली. एकेक ओळ मराठीत यायला लागली. 'जुना तांदूळ धुताना चोळू नये' या ओळीला जरा थांबलो.

आता चार पानं आहेत. फोटोत धान आहे, गहू नाही. केसलाघाटाजवळच्या जंगलात मोबाइलची रेंज जेमतेम एक काडी असते तिथे उघडून पाहिलं, उघडलं. डोमेन मामेभावाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या खात्यातून पैसे भरून. होस्टिंग भाड्याचंच आहे, पण जागा भाड्याची असली तरी चालते, सामान आपलं हवं. उद्या घरमालक उठला तर फोल्डर उचलून दुसरीकडे.

तुमच्याही गावात एखादी मिल, वाचनालय, शाळा, बचत गट असेल आणि 'आपला इंजिनिअर' म्हणून तुम्हालाच विचारलं जात असेल, तर कोड लिहा नाहीतर बिल्डर लावा, पण आधी हे करा:

१. डोमेन मालकाच्या नावावर घ्या. तुमच्या नाही, एजन्सीच्या तर नाहीच.
२. काय रोज बदलतं आणि काय दहा वर्षं बदलत नाही याची यादी मालकाकडून करून घ्या. न बदलणारं साध्या एचटीएमएलमध्ये ठेवा.
३. सगळ्या फायली मालकाच्या पेनड्राइव्हवर द्या आणि त्याच्यासमोर त्या इंटरनेट बंद करून उघडून दाखवा. उघडल्या नाहीत, तर तुम्ही वेबसाइट दिलीच नाही, भाडेपावती दिली.
४. तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणालातरी एक बदल करायला लावा. जमला नाही तर दोष तुमचा.

यातलं एकही काम अवघड नाही, आणि यातल्या एकाही कामाने बायोडेटात ओळ वाढत नाही. माझ्या मते आपण ती करत नाही याचं कारण हे दुसरंच आहे.

असो. मिलच्या ऑफिसात टेबलाच्या खणात आता एक पेनड्राइव्ह आहे, त्याला सुतळी बांधलेली, पोती शिवतात ती. मामेभाऊ म्हणतो, बियाण्याच्या पिशवीशेजारीच ठेवलाय.